वाकू नको म्हणावं

नाना, परवा गुरुवारी सकाळी नऊ वाजता माझ्या उजव्या डोळ्यात टाके पडणार आहेत आणि ते तुम्ही घालणार नाही आहात. तुम्ही असता तरी घातले नसते. आपलं भांडण झालं ते यावरूनच. ते तसंच अर्धवट टाकून तुम्ही सोळा दिवसांपूर्वी निघून गेलात. माझ्यासारख्या माणसाला याचा किती त्रास होतो ते तुम्हाला ठाऊक होतं. मी कुठलाही सौदा अर्धा सोडून उठत नाही. एकदाच उठलो, तुमच्या टेबलावरून.

जळगावात मेहरूणच्या तलावावर सकाळी फिरायला जातो ते हल्ली मान ताठ ठेवून. ओळखीचे लोक म्हणतात, भास्करशेठ फारच ऐटीत चालायला लागले. ऐट कसली, खाली बघायची भीती वाटते. चपलेत पाय घालायचा तर बायको चपला सरळ करून ठेवते आणि मी भिंतीला धरून अंदाजाने पाय सरकवतो. तोंड धुतानाही वाकत नाही, ओल्या टॉवेलने पुसून घेतो. शिंक आली की दोन्ही हातांनी खुर्ची धरतो आणि शिंक झाल्यावर आधी डावा डोळा झाकून बघतो, अजून दिसतंय ना.

वाचणाऱ्यांसाठी थोडं सांगायला हवं. मोतीबिंदू काढल्यावर डोळ्यात जी लेन्स बसवतात ती एका पातळ पिशवीत राहते आणि ती पिशवी चारी बाजूंनी बारीक तंतूंवर लटकलेली असते. माझी लेन्स तुम्हीच बसवली होती, नऊ वर्षांपूर्वी, आणि सुंदर बसवली होती. मागच्या वर्षी पारोळ्याच्या अलीकडे माझी स्कूटर खड्ड्यात आदळली, हँडल भुवईवर लागलं आणि एका बाजूचे तंतू तुटले. तेव्हा काही कळलं नाही. हळूहळू लेन्स कलत गेली. आता दुकानातली एक ट्यूबलाइट मला दोन दिसते, एक जागेवर आणि एक तिरपी. मान खाली घातली की लेन्स पुढे येते, उताणा झालो की मागे जाते. राहिलेले तंतू तुटले तर ती डोळ्याच्या तळाशी पडेल, मग पडद्याच्या डॉक्टरकडे जायचं, मोठं ऑपरेशन, आणि पुढचं काही खरं नाही. त्याआधी तिला जागेवर ओढून डोळ्याच्या पांढऱ्या भिंतीला शिवून टाकायचं. लेन्सला केसासारखे दोन हात असतात. त्यांना धागा बांधायचा आणि तो धागा भिंतीतून बाहेर काढून गाठ मारायची.

हाच धागा मी अठ्ठावीस वर्षं विकत आलो. जळगावपासून शिंदखेड्यापर्यंत डोळ्यांच्या डॉक्टरांना लेन्सा, सुया, धागे, चिमटे पुरवले. एका औषधाच्या दुकानात खोकी बांधणारा मी, एसटीने बॅग वाहून स्वतःचं दुकान उभं केलं, आणि या धाग्याच्या पाकिटावर हजारदा घासाघीस केली. तो कधी माझ्याच डोळ्यात जाईल असं एकदाही मनात आलं नाही.

आपली पहिली भेट आठवते? तुमच्या धुळ्याच्या हॉस्पिटलात मी धाग्याचा नमुना घेऊन आलो होतो. बाकीचे डॉक्टर पाकीट उलटून कंपनीचं नाव वाचायचे आणि भाव विचारायचे. तुम्ही भाव विचारलाच नाही, त्यामुळे मी गोंधळलो. तुम्ही म्हणालात, उद्या सकाळी बोकडाचे चार डोळे घेऊन ये, ताजे. मला वाटलं तुम्ही हाकलून लावायची नवी तऱ्हा काढली आहे. चिडून मी खरंच आणले. जळगावच्या खाटकाने डोळ्यांचे पैसे मागितले, मी म्हणालो हे तू कुत्र्यापुढे टाकतोस, तो म्हणाला आता गिऱ्हाईक आलंय. शेवटी फुकटात चार आणि वर बर्फ एवढं पटवलं. स्टीलच्या डब्यात डोळे घेऊन पहिल्या गाडीत बसलो. कंडक्टरने डब्यात काय म्हणून विचारलं, मी खरं सांगितलं. धुळ्यापर्यंत शेजारची जागा रिकामीच राहिली.

तुम्ही सूक्ष्मदर्शकाखाली त्या डोळ्यात माझ्या धाग्याने गाठ मारलीत, ओढलीत, सोडलीत, पुन्हा मारलीत. मग मला म्हणालात, बघ. बाजूच्या नळीतून मी पहिल्यांदा आत पाहिलं. मी विकत होतो त्या वस्तूचं काम मी तोवर कधी पाहिलंच नव्हतं. तुम्ही दाखवलंत, गाठीजवळ धाग्याला मुरड पडते, तिथे तो पुढे कधीतरी तुटेल. 'तुला भाव माहीत आहे, भास्कर, धागा माहीत नाही,' असं म्हणालात. त्या दिवशी रागाने माझं डोकं तापलं होतं. पण त्यानंतर मी नमुना घेतला की आधी तुमच्याकडे यायचो आणि मगच दुसरीकडे विकायचो. 'नानांनी बोकडाच्या डोळ्यावर करून पाहिलंय,' एवढं सांगितलं की बाकीचे डॉक्टर पुढे काही विचारत नसत. तुमच्या शब्दावर माझं दुकान चाललं, हे मी तुमच्या तोंडावर कधी कबूल केलं नाही. कबूल केलं असतं तर तुम्ही पुढच्या मालाला भाव पाडून मागितला असता, अशी भीती होती. ती खोटी होती हे मलाही कळत होतं.

आपलं सगळ्यात मोठं भांडण चालायचं ते या लेन्स शिवण्याच्याच कामावर. अडचण तुम्हीच समजावून सांगितली होती. डोळा केवढासा, त्यात लेन्स पाण्यातल्या पानासारखी सरकते, तिला धरायचं, त्याच वेळी तिच्या हाताभोवती धागा फिरवायचा आणि त्याच वेळी सुई भिंतीतून बाहेर काढायची. माणसाला हात दोनच. धरून ठेवणारं काहीतरी हवं. मी एका प्रदर्शनातून इवलासा चिमटा आणला. तुम्ही बोकडाच्या डोळ्यात वापरून पाहिला आणि लेन्सच्या हातावर खाच पडलेली मला दाखवलीत. म्हणालात, 'ही पक्कड आहे. सायकलच्या दुकानात दे.' तुमच्या सिस्टर हसल्या आणि मी महिनाभर तुमच्याकडे आलो नाही.

मग ती फासाची सुई आणली. पेनासारखी दांडी, टोकाला पोकळ सुई, मागचं बटण दाबलं की सुईतून बारीक तारेचा फास बाहेर येतो, लेन्सच्या हाताला वेढा घालतो आणि बटण सोडलं की आवळतो. धागाही त्याच्यातूनच ओढून घेता येतो. मी खूश होतो. तुम्ही तीन सकाळी बोकडाच्या अकरा डोळ्यांवर ती वापरलीत आणि म्हणालात, धरते छान, पण सोडताना लेन्सला हिसका बसतो. मी म्हणालो, तुम्हाला खोडच काढायची असते. तुम्ही म्हणालात, शिवताना हिसका बसला तर खोड पेशंटच्या डोळ्यात निघेल. पुढच्या खेपेला तुम्हीच युक्ती शोधलीत, सोडण्याआधी दांडी अंगठ्याने किंचित फिरवायची, की फास सैल होऊन आपोआप निघतो. ती युक्ती मी गावोगाव सांगितली, आणि सांगताना तुमचं नाव घेतलं, हे देवाशपथ खरं आहे. नाव घेण्यात माझा फायदा होता, हेही खरं.

धाग्याच्या जाडीवरून मात्र आपलं कधी जमलं नाही. मी बारीक धागा आणायचो, दहा शून्यांचा. तुम्हाला नऊ शून्यांचा, जरा जाड हवा असायचा. बारीक धागा डोळ्यात काही वर्षांनी झिजून तुटतो, असं तुमचं म्हणणं. मी म्हणायचो, सगळे बारीकच घेतात, गाठ लहान बसते, खुपत नाही. तुम्ही म्हणायचात, सगळ्यांचे पेशंट सत्तरीचे असतील, माझ्याकडे चाळिशीचा माणूस येतो, त्याला अजून कापूस वेचायचाय. हे भांडण मिटलं नाही. परवा माझ्या डोळ्यात कोणता जाणार, ते मी अजून सांगितलेलं नाही, पुढे सांगतो.

आता त्या दिवसाकडे येतो. मला ते टाळता येत नाही, आणि तुम्हालाही आता उठून जाता येत नाही.

ट्यूबलाइट दोन दिसायला लागली तसा मी धुळ्याला आलो. तुम्ही बाहुली मोठी करायचे थेंब घालायला लावलेत आणि भिंगातून बराच वेळ बघत राहिलात.  मग म्हणालात, कलली आहे, शिवावी लागेल, उशीर करू नको, तोवर वाकायचं नाही, ओझं उचलायचं नाही. मी विचारलं, कधी करता? तुम्ही म्हणालात, 'मी नाही. अर्चना करेल.'

अर्चना मॅडम म्हणजे तुमच्याकडे सात वर्षांपासून असलेल्या धाकट्या डॉक्टर. सातपुड्याच्या पायथ्याच्या गावातल्या, आईबाप मोहाची फुलं वेचणारे आणि मजुरी करणारे, त्यातून शिकून वर आलेल्या. खरं तर मला त्यांची जात कळायला हवी होती, शून्यातून आलेल्यांची. पण खरेदी त्या करत नव्हत्या, म्हणून सात वर्षांत मी त्यांना एक नमुना दाखवला नव्हता. खोलीत शिरलो की, नाना कुठायत, एवढंच विचारायचो.

मी तुम्हाला म्हणालो, का? तुम्ही म्हणालात, तिचा हात आता माझ्यापेक्षा चांगला आहे. माझा विश्वास बसला नाही. आयुष्यभर मी माल विकलाय, नाना. एक नंबरचा माल ठेवून दोन नंबरचा पुढे सरकवताना माणूस जे बोलतो, नेमकं तेच मला ऐकू आलं. मग मी सवयीप्रमाणे घासाघीस सुरू केली. बरं, तुम्ही शेजारी उभे राहा. तुम्ही म्हणालात, बसेन शेजारी. मी म्हणालो, मग पहिली गाठ तुम्ही मारा, दुसरी त्या मारतील. नाही म्हणालात. मी म्हणालो, एक टाका तरी. तुम्ही नकारार्थी मान हलवलीत. तुमचे दोन्ही हात तेव्हा टेबलाखाली होते. ते मी पाहिलं होतं, पण त्याचा अर्थ लावला नाही.

मग मी बोललो. अठ्ठावीस वर्षं प्रत्येक चांगली वस्तू आधी तुमच्या टेबलावर आणली, आणि माझ्या डोळ्याची वेळ आली तर तुम्ही तो शिकाऊ हाताखाली देता, असं बोललो. तुमच्या लेखी मी बॅगवालाच राहिलो, असं बोललो. बाहेरच्या बाकावर पेशंट बसलेले होते, त्यांना ऐकू जात होतं, आणि ते मला कळत होतं. तुम्ही एवढंच म्हणालात, 'भास्कर, बस जरा. चहा घे.' मी दार आपटून निघालो. थेंबांमुळे उन्हात काही दिसत नव्हतं, तरी कोणाचा हात न धरता स्टँडवर गेलो.

त्यानंतर मी नाशिकच्या दोन डॉक्टरांकडे जाऊन आलो. दोघांनीही हेच सांगितलं. एकाने तर विचारलं, तुमच्या धुळ्यालाच नाना असताना इकडे कशाला आलात?  भांडणानंतर दहाव्या दिवशी, चष्म्याच्या काचा पुरवणारा एक पोरगेला सेल्समन माझ्या दुकानात आला आणि म्हणाला, धुळ्याच्या नानांनी निरोप दिलाय, 'भास्करला सांग, वाकू नको म्हणावं.' मी त्याला म्हणालो, नानांना फोन करता येत नाही का? आता कळतं, फोन केला असता तर मी उचलला नसता, आणि तेही तुम्हाला ठाऊक होतं.

पुढच्या आठवड्यात तुमच्या छातीत कळ आली आणि संपलं.

मी सकाळीच पोचलो. अंगणात तुम्हाला ठेवलं होतं. शिंदखेड्याकडून तुमच्या भावकीचे लोक ट्रॅक्टर भरून आले होते, ऑपरेशननंतरची डोळ्यावरची हिरवी पट्टी कपाळावर सारून म्हाताऱ्या बाया बसल्या होत्या. त्यातली एक, तुम्ही कधीतरी ऑपरेशन केलेली, तुमच्याच बोलीत तुमची नक्कल करत रडत होती. 'म्हने, भिऊ नको माय, आते बठ्ठं दिसी,' आता सगळं दिसेल, असं पुन्हा पुन्हा म्हणत होती. लोक एकेक करून पुढे जात होते, वाकून पायाला हात लावत होते. माझी पाळी आली. मी पुढे गेलो, हात जोडले, आणि उभाच राहिलो.

वाकता आलं नाही, नाना. तुमचाच निरोप होता. गुडघे मोडून बसावं तर गर्दीत धक्का लागेल, डोकं हिंदकळेल, असं वाटलं. तुमच्यासमोर उभा राहून मला माझ्याच डोळ्याची चिंता लागली होती. मागून कोणीतरी हळूच म्हणालं, अजून राग गेला नाही शेठचा. दुपारपर्यंत ती गोष्ट जळगावला पोचली. संध्याकाळी चोपड्याच्या एका डॉक्टरने मला फोनवर विचारलं, तुम्ही नानांना नमस्कारही केला नाहीत म्हणे. मी फोन ठेवून दिला. गोष्ट अर्धी खरी होती. अर्धी खरी गोष्ट कशी पसरते, ते मला त्या दिवशी दुसऱ्या बाजूने कळलं.

दहाव्यानंतर काकूंना भेटायला आलो. मनातली तक्रार मी तिथेही काढली, माझा स्वभाव तुम्हाला माहीत आहे. म्हणालो, काकू, त्यांनी माझं ऑपरेशन करायला नकार दिला, मला हे आयुष्यभर सलेल.  काकू म्हणाल्या, दीड वर्ष त्यांच्या शर्टाच्या गुंड्या मी लावत होते.

मला समजायला वेळ लागला. त्यांनी सावकाश सांगितलं. उजवा हात थरथरायचा. आधी थोडा, मग चहाचा कप बशीवर वाजायला लागला. ज्या सकाळी ते तुमच्या लक्षात आलं त्याच सकाळी तुम्ही सगळं बारीक काम अर्चना मॅडमच्या हाती दिलंत. तुम्ही शेजारी स्टुलावर बसायचात, सांगायचात, आणि सुईला हात लावत नव्हतात. एकाही डोळ्याला त्या हाताने तुम्ही धोका दिला नाहीत. हे अर्चना मॅडमना माहीत होतं, सिस्टरना माहीत होतं, काकूंना माहीत होतं.

मी विचारलं, मला का नाही सांगितलं? काकूंनी पदर सावरला आणि तुमचेच शब्द सांगितले. 'भास्करले सांगं म्हंजे बठ्ठा खान्देशले सांगं.'

मला राग यायला हवा होता. आला नाही, कारण मला लगेच ते दुसरे डॉक्टर आठवले. त्यांचं आणि गावाचं नाव लिहीत नाही. तालुक्याच्या ठिकाणचे वयस्कर, एकटे डॉक्टर. त्यांच्याकडे एकदा मी सुया द्यायला गेलो तेव्हा त्यांचा हात थरथरताना पाहिला. पुढच्या आठवडाभरात मी जिथे जिथे गेलो तिथे ते सांगितलं. आमच्या धंद्यात बॅगेत मालाबरोबर बातमी न्यावी लागते. बातमी दिली की डॉक्टर खुर्ची देतो, चहा सांगतो, मग भाव बोलायला सोपं जातं. तुम्हालाही सांगितलं, तुमच्या दोन ऑपरेशनांच्या मधल्या वेळात, त्यांच्या हाताची नक्कल करून. तुम्ही उचललेलं बिस्कीट परत बशीत ठेवलंत आणि विचारलंत, आणखी कुठे कुठे सांगितलंस? मी अभिमानाने गावं मोजली. तुम्ही विचारलंत, त्यांनी हात थरथरत असताना ऑपरेशन केलं का? मी म्हणालो, ते काय मी पाहिलं नाही. त्यांनी कदाचित तुमच्यासारखंच आधीच थांबवलं असेल. ते विचारायला मी थांबलोच नव्हतो. वर्षभरात त्यांचं ऑपरेशन थिएटर बंद पडलं. उरलेली उपकरणं मीच स्वस्तात उचलली.

म्हणजे त्या दिवशी तुम्ही मला दोन नंबरचा माल दिला नव्हतात. तुमच्याकडे जे सगळ्यात चांगलं होतं ते देत होतात, फक्त कारण सांगत नव्हतात, कारण ऐकणारा मी होतो. तुम्हाला घासाघिशीत हरवता आलं नाही म्हणून मी दार आपटलं, आणि तुम्ही टेबलाखाली हात धरून बसून राहिलात.

तरीही नाना, माझी तक्रार संपलेली नाही. अठ्ठावीस वर्षांत मी बदललो असेन, असं तुम्हाला एकदाही वाटलं नाही? एकदा सांगून तर बघायचं. मी कदाचित गप्प राहिलो असतो. कदाचित नसतोही राहिलो. पारोळ्यापर्यंत तोंड मिटून गेलो असतो, पुढचं सांगता येत नाही. हे लिहिताना काकूंची परवानगी घेतली. मला वाटलं नको म्हणतील. त्या म्हणाल्या, लिहा, आता त्यांच्याकडे कोणी पेशंट थोडाच येणार आहे.

काकूंनी हाताचं सांगितलं त्याच दिवशी मी हॉस्पिटलात गेलो. अर्चना मॅडमनी डोळा तपासला आणि सांगितलं, आणखी दोन-तीन तंतू गेलेत, आता आठवड्याच्या वर थांबू नका.  तरी मी म्हणालो, माझी एक अट आहे. आधी माझ्यासमोर बोकडाच्या एका डोळ्यात फासाच्या सुईने लेन्स शिवून दाखवा. बोललो आणि लाज वाटली. सात वर्षं ज्यांना एक नमुना दाखवला नाही त्यांची मी परीक्षा घेत होतो. त्यांनी राग मानला नाही. म्हणाल्या, डोळे तुम्ही आणा, तुम्हाला चांगले मिळतात म्हणे.

काल सकाळी डबा घेऊन गेलो. या वेळी खाटकाशी बोललो नाही, मागितले तेवढे दिले. अर्चना मॅडमनी डोळा साच्यात बसवला, लेन्स मुद्दाम कलती सोडली. फास आत गेला, लेन्सच्या हाताला वेढा पडला, धागा भिंतीतून बाहेर आला. डाव्या डोळ्याने मी बाजूच्या नळीतून बघत होतो. त्यांनी गाठ मारली. लेन्स मधोमध आली. मी सुस्कारा सोडला. त्यांनी मात्र गाठीला सुईच्या टोकाने टोचून पाहिलं, थांबल्या, आणि ती कापून टाकली. पुन्हा पहिल्यापासून. दुसऱ्या गाठीला वेळ जास्त लागला. फास काढताना त्यांनी दांडी अंगठ्याने किंचित फिरवली. लेन्स जराही हलली नाही.

मी विचारलं, पहिली का कापली? दिसत तर चांगली होती. त्या म्हणाल्या, सैल होती. वर्षभर टिकली असती, पुढे नाही.

माल विकणाऱ्यासमोर कोणता डॉक्टर असं करतो, नाना? तुम्हीही माझ्यासमोर कधी गाठ कापली नव्हतीत. मला काहीतरी मोठेपणा दाखवावासा वाटला. म्हणालो, मॅडम, काळजी करू नका, मी हे कुठे बोलणार नाही.

त्यांनी सूक्ष्मदर्शकातून मान वर केली नाही. म्हणाल्या, 'सांगा ना, भाऊ. पहिली सैल पडली, मी कापली, दुसरी बसली. फक्त सगळं सांगा. अर्धं सांगू नका.'

 म्हणून हे असं लिहिलंय. तुमचा हात थरथरत होता. तुम्ही त्याच सकाळी सुई खाली ठेवलीत. तुमच्यापेक्षा चांगला हात तुम्ही घडवलात आणि त्याच्या शेजारी बसून राहिलात. तीनही वाक्यं एकत्र वाचावीत, पहिलं वाचून कोणी गाडीला बसू नये. आणि त्या तालुक्याच्या डॉक्टरांना मी काल पत्र टाकलंय. ते उत्तर देतील असं वाटत नाही.

निघताना मॅडमनी विचारलं, धागा कोणता घालू, दहाचा की नऊचा? मी म्हणालो, नऊचा. ही एक गोष्ट तुम्ही जिंकलात, बाकीच्यांवर अजून बोलायचं होतं. मग त्यांनी कागद पुढे केला, सही कुठे करायची ते दाखवलं. तिरप्या डोळ्याने मला ओळी दोन दिसत होत्या आणि पेन कुठे टेकवावं ते कळेना. त्यांनी माझं बोट धरून जागेवर ठेवलं.

'घाबरलात का, भाऊ?'

मी हो म्हणालो. खूप, असंही म्हणालो. आणि म्हणालो, हे कोणाला सांगायचं असेल तर खुशाल सांगा.